अडीचशेचं लिंबू गॅलरीत लागेपर्यंत सव्वादोन हजार

फळझाड आणायला निघण्याआधी एक रविवार घरी थांबा. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर तासाला गॅलरीत जाऊन ऊन कुठवर आलंय ते बघा आणि लादीवर खडूने रेघ मारा. या कामाला एक रुपया पडत नाही, आणि पुढचे निम्मे पैसे यानेच वाचतात. गिरगावात काय किंवा लालबागला काय, कुंडीतलं झाड पाण्यावाचून मेलं तर दिसतं तरी. उन्हावाचून ते मरत नाही, नुसतं पानं काढत राहतं. फूल येत नाही म्हणून तुम्ही खतावर खत ओतता.

ऊन कोणत्या महिन्यात मोजलं, तेही महत्त्वाचं. मुंबईत मेच्या मध्याला भर दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे कलतो आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. उत्तरेच्या गॅलरीला भरदुपारचं ऊन मिळतं ते या अडीच महिन्यांत, आणि त्यातला बराचसा काळ ढगाखाली जातो. मेमध्ये ऊन बघून उत्तरेला डाळिंब लावणारा इथेच फसतो. दक्षिणेची गॅलरी उलटी: थंडीत ऊन थेट खोलीत येतं, मे-जूनमध्ये कठड्याबाहेर राहतं. खरा अंदाज येतो तो ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीत. समोर काय आहे तेही बघून ठेवा. परळ-लालबागला समोरच्या गिरणीच्या जागेवर पत्रे ठोकलेले असतील, तर आजचं ऊन दोन-तीन वर्षांचं पाहुणं समजा.

किती ऊन, कोणतं झाड

सहा तास किंवा जास्त ऊन असेल तर लिंबू, पेरू, चिकू, अंजीर, तुती यांतलं काहीही. यात माझी पहिली पसंती पेरूला. कलमी 'तैवान पिंक' पेरू चाळीस लिटर मातीतही वर्षाच्या आत फळ दाखवतो, छाटला की पुन्हा फुलतो, चुका माफ करतो. दुसरं लिंबू. 'साई शरबती' हे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं वाण किंवा साधं कागदी, पण गुटी किंवा कलम असलेलंच घ्या. दीड-दोन वर्षांत लिंबं दिसतात. बियांपासून केलेलं रोप पन्नास रुपये स्वस्त मिळतं आणि चार-पाच वर्षं नुसते काटे दाखवतं.

चिकू खारा वारा सोसतो, म्हणून चौपाटीजवळच्या गच्चीला तो बरा. 'कालीपत्ती' घ्या, आणि खिरणीच्या खुंटावर बांधलेलं कलम आहे ना हे विचारा. फळाला साधारण तीन वर्षं. वटवाघळं येणार हे धरून चाला. जाळीचे शंभर-दीडशे रुपये आत्ताच बाजूला ठेवा.

तुती ही गरिबाची द्राक्षं. कुणाकडे झाड असेल तर पेन्सिलीएवढी फांदी मागा, पावसाच्या तोंडावर मातीत खोचा. खर्च शून्य. त्याच वर्षी किंवा पुढच्या वर्षी फळ.

चार तासांच्या आसपास ऊन असेल तर फळांचा हट्ट अर्धा सोडा. तुती थोडीफार देईल, करवंद देईल, कढीपत्ता उत्तम होईल. तीन तासांहून कमी असेल तर झुडपी मिरी. मिरीच्या वेलाच्या फळ देणाऱ्या आडव्या फांद्यांना मुळं फोडून ही झुडपं करतात. ती वर चढत नाहीत, बारा इंची कुंडीत राहतात आणि सावलीत हिरवे घोस धरतात. कोकणात घर असलेल्यांनी गावाहून येताना दोन आणावीत. मुंबईत तीच दुप्पट भावाने मिळतात. सोबत विड्याच्या पानांचा वेल चालेल.

आंब्याबद्दल लोक हमखास विचारतात. गच्चीवर मोठ्या पिंपात आंबा होतो, पण हापूसचा नाद सोडा. तो मुळात एक वर्षाआड धरतो, पिंपात आणखी रुसतो. 'आम्रपाली' बुटका राहतो. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने केलेला 'रत्ना' दरवर्षी धरतो. तीन ते पाच वर्षं थांबायची तयारी असेल तरच घ्या. पहिली दोन वर्षं आलेला मोहोर खुडायचा असतो, आणि घरातल्या ज्येष्ठांचा त्याला विरोध असतो.

वेलांमध्ये कृष्णफळ, म्हणजे पॅशन फ्रूट. जांभळ्या सालीचं घ्या. एकच वेल असला तरी ते फळ धरतं. पिवळ्याला सहसा दुसऱ्या वेलाचे पराग लागतात, म्हणजे दोन पिंपं, दुप्पट खर्च. वर्षभरात फळ, तीन-चार वर्षांत वेल म्हातारा. मांडव मात्र पक्का हवा. सुतळीवर चढवलेला वेल पहिल्याच जोरदार पावसात शेजारच्या डिशवर जाऊन बसतो. ज्यांना खरंच ताटात काही हवंय त्यांनी तोंडलीचा वेल लावावा. कांडीला दहा-वीस रुपये, वसईकडच्या ओळखीच्या भाजीवालीकडे मागितली तर फुकट, आणि पाऊस संपला की आठवड्याला मूठभर तोंडली.

काय घेऊ नये तेही सांगते. द्राक्षं नकोत, नाशिकची कोरडी हवा आणि छाटणीची शिस्त इथे नाही. डाळिंब फुलतं, धरतं, आणि पावसाळी दमटपणात डागाळून फुटतं. पिंपातली केळ वर्षभर जागा आणि बादल्याबादल्यांनी पाणी खाऊन एक घड देते आणि मरते. उष्ण हवेतलं सफरचंद, ब्लूबेरी आणि इंटरनेटवर विकली जाणारी निळ्या स्ट्रॉबेरीची बियाणं यांवर पैसे घालायचे असतील तर सरळ दादरला जाऊन फळंच घ्या.

वजन: हा खर्च कुणी सांगत नाही

दोनशे लिटरचं निळं पिंप मधोमध कापलं की शंभर लिटरच्या दोन कुंड्या होतात. त्यात नुसती लाल माती भरून पाणी घातलं तर एकेक कुंडी एकशेसत्तर किलोच्या घरात जाते, आणि ती टेकते जेमतेम पाव चौरस मीटरवर. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ धरतं ते चौरस मीटरला साधारण दीडशे किलो. एका कुंडीने गच्ची खाली येत नाही. तो भार आजूबाजूला वाटला जातो. पण कठड्यालगत ओळीने बारा कुंड्या मांडल्यात तर वरच्या मजल्यावरचे शेजारी छतातल्या चिरा मोजायला लागतील, आणि त्यांचं चुकत नसेल.

म्हणून माती हलकी करा: एक हिस्सा माती, एक हिस्सा गांडूळखत, एक हिस्सा कोकोपीट. वजन बरंच उतरतं. कुंड्या स्लॅबच्या मधोमध नाही, खाली तुळई किंवा भिंत आहे तिथे ठेवा. वॉटरप्रूफिंगवर थेट नाही, विटांवर किंवा स्टँडवर. गच्ची गळायला लागली तर पहिलं बोट तुमच्या लिंबाकडे जाणार, आणि दुरुस्तीचं बिल तुमच्या लिंबाच्या शंभरपट असणार.

चाळीतल्या लाकडी गॅलरीचं गणित वेगळं. १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतीत खाली सागाचे वासे असतात आणि कुंडीतून झिरपणारं पाणी त्यांना सावकाश कुजवतं. तिथे चाळीस लिटरच्या वर जाऊ नका, दोनपेक्षा जास्त ठेवू नका, आणि ठेवायच्या त्या भिंतीला लागून, कठड्याच्या बाजूला नाही. इमारतीला टेकू लागलेले असतील तर एकही नको. कठड्यावर, ग्रिलच्या बाहेर, एसीच्या आउटडोअर युनिटवर कुंडी कुठल्याच इमारतीत नको. खाली रस्ता आहे.

बिल बघा

तिसऱ्या मजल्यावरची पश्चिमेची गॅलरी, एक लिंबाचं कलम. भाव ढोबळ आहेत. घासाघीस करून शंभर-दोनशे इकडेतिकडे होतील.

कलम अडीचशे. पंधरा बाय पंधरा इंची ग्रो-बॅग, साधारण चाळीस लिटरची, एकशेवीस. पाच किलोची कोकोपीटची वीट दोनशे (भिजवली की साठ-सत्तर लिटर होते, निम्म्याहून जास्त उरेल, ठेवून द्या). गांडूळखत दहा किलो तीनशे. लाल मातीची गोणी दीडशे. निंबोळी पेंड एक किलो सत्तर. लोखंडी स्टँड सहाशे. खालची ताटली एकशेवीस. टॅक्सी अडीचशे. जिना चढवायला माणूस दीडशे. बेरीज २,२१० रुपये. यातलं झाड फक्त अडीचशेचं.

कुठे वाचवाल? स्टँडऐवजी चार विटा, पन्नास रुपयांत. बॅग तीच ठेवा. तीनशेची सिरॅमिक कुंडी छान दिसते, पण जड असते आणि मुळं तापतात. मातीचीच कुंडी हवी असेल तर धारावीच्या कुंभारवाड्यात जा. नर्सरीतली तीच कुंडी तिथे बरीच स्वस्त पडते, फक्त आणायची सोय तुमची. लाल मातीत मात्र वाचवू नका. इमारतीचं काम चाललंय तिथून फुकट उचललेल्या 'मातीत' सिमेंट आणि चुना असतो, आणि लिंबाला चुना अजिबात सोसत नाही. पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसल्या की समजा.

जुनं पिंप घेत असाल तर त्यात आधी काय होतं ते आधी विचारा, भाव नंतर. धारावीच्या तेरा कंपाउंडच्या आसपास अर्धं पिंप चारशे-सातशेला मिळतं. खाद्यतेलाचं, लोणच्याचं, सरबताचं चालेल. रसायनाचं धुतलेलं असलं तरी नको. लेबल खरवडून काढलेलं असेल तर तिथून चालू लागा.

खत पूर्ण फुकट मिळवायचा एक रस्ता याच शहरात करून दाखवलेला आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पालापाचोळा वापरून फळझाडांसकट बाग उभी केली. घरी करायचं तर रसवंतीवाल्याकडचं उसाचं चिपाड, वाळलेली पानं आणि भाजीची देठं थरावर थर, झाकणाच्या बादलीत, आणि वर थोडी माती. उघडं मात्र अजिबात नको. लालबागच्या घुशी तुमच्या आधी कापणीला येतील.

वर्षाला आणखी पाचशे-सातशे धरा: खत, कडुनिंबाचं तेल, एखादी बदललेली बॅग. माळी बोलावला तर एका फेरीचे तीनशे-चारशे. एवढ्या पैशांत बाजारातली किती लिंबं येतात हा हिशेब घरातलं कुणीतरी नक्की करेल. त्यांना गॅलरीत लिंबाचं फूल उमललं की उभं करा.

कुठून घ्याल, कसे फसाल

गिरगावातल्या निम्म्या पत्त्यांत फळझाड आहे: फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, बोरभाट. कलम घ्यायला मात्र गिरगावाबाहेरच जावं लागतं.

हातगाडीवाला सगळ्यात सोयीचा आणि सगळ्यात महाग. तो दारात येतो, वर आणून देतो, 'ताई, गॅरंटी' म्हणतो, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या गल्लीत असतो. त्याच्याकडून तुळस घ्या, मोगरा घ्या. फळझाड नाही.

घाई नसेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचा उद्यान विभाग दरवर्षी झाडं, फुलं, फळं, भाज्यांचं प्रदर्शन भरवतो तेव्हा जा. ते साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, शनिवार-रविवार धरून असतं. कुंडीत वाढवलेली फळझाडं तिथे फळांसकट बघायला मिळतात, आणि आपल्या गॅलरीत काय मावेल याचा अंदाज विकत घेण्याआधी येतो. सकाळी लवकर जा. दुपारनंतर सेल्फीवाल्यांची गर्दी असते. शीव-धारावीच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानातली रोपवाटिका देशी झाडांच्या रोपांसाठी चांगली. पण ती रोपं बियांची, कंपाउंडात सावलीला लावायची. वनमहोत्सवात स्वस्तात मिळणाऱ्या रोपांचंही तसंच. कलम आणि रोप यांतला फरक विसरलात तर दहा रुपयांच्या आंब्यामागे आठ वर्षं जातात.

तीन-चार झाडं एकदम घ्यायची असतील तर ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या नर्सऱ्या परवडतात; चार घरं मिळून एक टेम्पो करा. चिकू हवाच असेल आणि डहाणूकडे जाणं होत असेल तर कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. तो चिकूचाच मुलूख आहे. दापोलीला गाव असलेल्यांनी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतूनच आणावं. येताना रोपं एसटीच्या टपावर नाही, पायाशी. वाऱ्याने पानं फाटतात, माती सुटते.

आता कलम तपासायचं कसं. जमिनीपासून वीतभर उंचीवर सांधा दिसला पाहिजे: थोडी गाठ, सालीचा रंग खाली-वर वेगळा. सांध्यावरची पट्टी सोडून दाखवायला सांगा. रोपाला नुसती पट्टी गुंडाळून कलम म्हणून विकणं हा जुना उद्योग आहे, आणि पट्टी सोडायला नकार मिळाला तर उत्तर मिळालंच. सांध्याखालून फुटलेली हिरवी डहाळी जोमदार दिसत असेल तर भुलू नका. ती खुंटाची असते, आणि वरचं कलम मारून टाकते. पिशवी उचलून तळ बघा. मुळं बाहेर येऊन जमिनीत रुतलेली असतील तर झाड तिथे फार दिवस पडून आहे, उपटताना निम्मी मुळं तुटणार. उंच झाडापेक्षा दोन फुटी, जाड बुंध्याचं, तीन-चार फांद्यांचं घ्या.

फळं लागलेलं रोप घेऊ नका. हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलेय. सात चिकू लटकलेलं अडीच फुटी झाड मी एकदा बाराशे रुपयांना घेतलं होतं, रस्त्यावरच्याच एकाकडून. पंधरा दिवसांत सातही गळले. पुढच्या महिन्यात पानं. उपटून बघितलं तर मुठीएवढा चिकट मातीचा गोळा, त्यात मुळं जेमतेम. लांबून ट्रकने आलेल्या झाडांचं असंच असतं: मूळ मागे राहतं, फळ पुढे येतं.

पावती मागा. महाराष्ट्रात फळझाडांची रोपवाटिका चालवायला १९६९ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. परवानाधारक नर्सरी बिलावर झाडाचं नाव, वाण आणि कलम की रोप हे लिहून देते. 'आंबा, एक नग' एवढंच लिहिलं असेल तर वाण लिहून घ्या. तीन वर्षांनी रायवळ निघाला तर भांडायला तेवढाच कागद असतो.

घ्यायची वेळ: जूनच्या पहिल्या दोन सरींनंतर झाडं छान धरतात, पण भाव तेव्हाच चढे असतात आणि नर्सरीवाल्याला बोलायला वेळ नसतो. गॅलरीसाठी सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर मला जास्त पटतं. पाऊस ओसरलेला, ऊन अजून सौम्य, आणि उरलेला माल थोडा स्वस्त.

परवानगी कुणाची, कागद कोणते

स्वतःच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कुणाची नाही, फक्त पाणी खाली गळू देऊ नका. चाळीची गॅलरी हा सगळ्यांचा रस्ता आहे. एकाने हरकत घेतली तर कुंडी उचलावी लागते, म्हणून आधी दोन्ही शेजाऱ्यांशी बोला. पहिली लिंबं त्यांच्या घरी जातील असं सांगितलं की काम सोपं होतं.

गच्चीसाठी सोसायटीच्या कमिटीला लेखी अर्ज करा: किती कुंड्या, किती लिटरच्या, कुठे ठेवणार, पाणी कुठून, गळतीची जबाबदारी कुणाची. ठरावाची प्रत घ्या. सेक्रेटरींचा तोंडी होकार पुढच्या निवडणुकीपर्यंतच चालतो. इंजिनिअरला वेगळे पैसे देण्याआधी कमिटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे स्थैर्य प्रमाणपत्र लागतंच. अहवाल कपाटात असतो, कुणी उघडलेला नसतो. त्यात गच्चीचा स्लॅब दुरुस्तीला आलाय असं लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला. भाडेकरूंनी मालकाची परवानगी आणि म्हाडाची दुरुस्ती चालू आहे का, हे आधी बघावं.

पाण्याचाही प्रश्न इथेच मिटवा. चाळीत पाणी ठराविक वेळेला येतं. चाळीस लिटरच्या बॅगेला एप्रिल-मेमध्ये रोज तीन-चार लिटर लागतं, पाच बॅगा म्हणजे एक बादली. ही बादली कोण, किती वाजता भरणार, हे घरात झाड येण्याआधी ठरवा.

मे महिना, गणपती आणि डास

आपल्याकडची झाडं मरतात ती सुट्टीत. मेमध्ये पंधरा दिवस गावी, गणपतीला आठ दिवस गावी. गणपतीत पाऊस सांभाळतो, मेमध्ये कुणीच नाही. शेजाऱ्यांना चावी द्यायची नसेल तर नळाला लावायचा टायमर आणि बारीक नळ्यांचा ठिबक संच मिळतो, सात-आठशेपासून दोन हजारांपर्यंत. पण त्याला चोवीस तास दाबाचं पाणी लागतं, आणि ते चाळीत कुठलं? तिथे जुनीच युक्ती: मोठी बादली भरून उंचावर, त्यातून सुती चिंधीची वात प्रत्येक कुंडीत, आणि वर वाळलेल्या पानांचा जाड थर. जायच्या आधी चार दिवस घरी असतानाच चालवून बघा. वात कोरडी पडते ती पहिल्याच दिवशी.

ताटलीतलं पाणी हा छुपा खर्च. पावसाळ्यात महापालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं घरोघर येतात आणि थेट कुंड्यांखालच्या ताटल्या बघतात. डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्या तर नोटीस, आणि दंड दोन हजारांपासून दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे वरच्या बिलाची चौपट. जून ते ऑक्टोबर ताटली काढून ठेवा किंवा तिच्यात वाळू भरा. पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडत असेल तर ताटली राहू द्या, पण दर दोन दिवसांनी पुसा.

कबुतरं मोकळ्या मातीवर अंडी घालतात. चार काटक्या उभ्या खोचल्या की बस, जाळीची गरज नाही.

कंपाउंडात लावणार असाल तर

इथे झाड स्वस्त आणि नंतरचा खर्च मोठा. खड्डा, खत, कलम मिळून पाचशे-सातशेत काम होतं. पण एकदा झाड मोठं झालं की ते सोसायटीचं असूनही सोसायटीच्या मर्जीचं राहत नाही. नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. तोडणं तर सोडाच, परवानगीशिवाय झाडाला इजा केली तरी दंड आणि कैद दोन्हींची तरतूद त्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडं हेरिटेज धरली जातात, त्यामुळे वाडीतल्या जुन्या फणसाला हात लावताना आणखी जपा.

छाटणीसाठी अर्ज वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात. दादरकरांचं जी-उत्तर, प्लाझामागे. परळ-लालबागचं एफ-दक्षिण. गिरगावचं सी किंवा डी, गल्लीप्रमाणे. डीचं कार्यालय नाना चौकात. सोबत सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र, झाडांची संख्या आणि नावं, कुठली फांदी कुठे लागतेय त्याचे फोटो, सेक्रेटरींचा फोन. चौकशीला १९१६. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज करा. मेमध्ये सगळी मुंबई रांगेत असते, आणि तुमची पाहणी होईपर्यंत फांदी गाडीवर पडलेली असते. पालिकेकडून छाटून घेतलीत तर शुल्क भरावं लागतं, परवानगी घेऊन खासगी माणूस लावलात तर त्याची मजुरी आणि फांद्या उचलण्याचे वेगळे पैसे. दर ठरवताना 'कचरा नेण्यासकट' हे शब्द लिहून घ्या. नाहीतर फांद्या गेटवर आणि भांडण कमिटीत.

म्हणून इमारतीपासून पंधरा फुटांच्या आत आंबा, फणस, जांभूळ नको. जागा कमी असेल तर कढीपत्ता, पेरू किंवा करमळ. शेवगा पटकन वाढतो, पण वाऱ्यात काडकन मोडतो, पार्किंगशेजारी नको. नारळ असेल तर पाडेली शोधून ठेवा. झाडामागे तीनशे ते सहाशे मागतो, वर्षातून किमान दोनदा हवा, त्यातली एक खेप पावसाआधीच. काहीजण मजुरीऐवजी निम्मे नारळ घेतात. तो सौदा नारळ मोजायच्या आधी ठरवा.

बुंध्याभोवती चारी बाजूंनी मीटरभर माती मोकळी ठेवायला सांगा. पेव्हर ब्लॉकवाला 'पाणी जातं आतून' म्हणेल आणि बुंध्यापर्यंत फरशा बसवून मोकळा होईल. त्याला पैसे देण्याआधी खाली उतरून बघा.